नामसाम्य आणि रुग्णहित : जपानी परीक्षकांच्या कसोटीतून आपण काय घ्यावे?

औषधाचे नाव हा औषधाचा पहिला परिचय होय. कल्पातील द्रव्ये, भावना, अनुपान यांविषयी रुग्णाला क्वचितच काही ठाऊक असते. नाव मात्र त्याच्या लक्षात राहते. वैद्याच्या चिठ्ठीवरून, शेजाऱ्याच्या शिफारशीवरून किंवा संपलेल्या डबीच्या आठवणीवरून तो दुकानात येतो आणि नाव उच्चारून औषध मागतो. त्या क्षणी नाव चुकले, तर निदानाची आणि कल्पनिवडीची सारी अचूकता व्यर्थ ठरते. दोन औषधांच्या नावांतील साम्य हा दोन फार्मसींमधला व्यापारी वाद असतो खरा. परंतु त्याहून अधिक तो चिकित्सेचा प्रश्न असतो.

आपल्या क्षेत्रात या प्रश्नाकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोप्रायटरी कल्पांना नाव देण्याची आपली एक ठरीव रीत झाली आहे. दोषाचे, रोगाचे वा अवयवाचे नाव घ्यावे आणि त्यास ‘हर’, ‘अरि’, ‘कल्प’, ‘इन’, ‘प्लस’ यांपैकी एखादे शेपूट जोडावे. परिणामी वातापासून निघालेली, यकृतापासून निघालेली, मधुमेहापासून निघालेली नावे एकाच घरातील भावंडांसारखी दिसू लागतात. काही वेळा हे साम्य अनवधानाने येते; काही वेळा चालत्या औषधाच्या सावलीत उभे राहण्यासाठी ते हेतुपुरस्सर आणले जाते. दोन्ही प्रसंगी भोगतो तो रुग्णच.

या संदर्भात जपानमधील व्यापारचिन्ह-परीक्षणाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. तेथील परीक्षक कोणत्या कसोट्या लावतात हे छापील मार्गदर्शक तत्त्वांत उघडपणे मांडलेले असते, आणि त्या कसोट्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांची बैठक आहे. शिवाय जपानमध्येही कांपो नावाची प्राचीन औषधपरंपरा जिवंत असून एकच शास्त्रोक्त योग अनेक कंपन्या तयार करतात. म्हणजे आपली अडचण त्यांनाही नवी नाही. किंबहुना जपानमधील क्रमांक १ चे नोंदणीकृत व्यापारचिन्ह १८८५ मध्ये नोंदले गेले, तेच मुळी क्योतो येथील लेप आणि गोळ्या यांचे होते.

परीक्षणाची रीत

जपानचा सध्याचा व्यापारचिन्ह कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ४, उपकलम १ मधील अकराव्या खंडानुसार, आधी नोंदलेल्या दुसऱ्याच्या चिन्हाशी समान वा सदृश असलेले चिन्ह त्याच किंवा सदृश मालासाठी नोंदता येत नाही. प्रश्न उरतो तो ‘सदृश’ कशास म्हणावे, हा. जपानी परीक्षक तीन अंगांनी पाहतो : चिन्ह दिसते कसे, उच्चारले जाते कसे आणि त्यातून अर्थबोध कोणता होतो. रूप, ध्वनी आणि अर्थ ही ती तीन अंगे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेची सवय असलेल्या वैद्यास ही मांडणी परकी वाटू नये. एका परीक्षेवर निदान ठरवू नये, हे आपणही जाणतोच.

परंतु तीन अंगे स्वतंत्रपणे मोजून बेरीज केली की निर्णय लागला, असे नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी १९६८ रोजी दिलेला ‘ह्योझान’ खटल्यातील निर्णय या विषयात पायाभूत मानला जातो. काचतंतूंच्या सुतासाठी हिमनगाचे चित्र व ‘ह्योझान’, म्हणजे हिमनग, हा शब्द असलेले चिन्ह नोंदणीस आले होते. आधीच्या नोंदीत ‘शोझान’ असे चिन्ह होते. दोन्ही नावे कानाला जवळची. म्हणून पेटंट कार्यालयाने नकार दिला. न्यायालयाने मात्र ठरविले की रूप आणि अर्थ यांत मोठे अंतर आहे, आणि काचतंतूंच्या सुताचा व्यापार केवळ नाव ऐकून चालत नाही. सबब गोंधळाचा संभव नाही. यातून नियम निघाला तो असा : रूप, ध्वनी, अर्थ यांनी ग्राहकाच्या मनावर उमटणारा एकूण ठसा पाहावा, आणि तो त्या मालाच्या प्रत्यक्ष व्यवहाराच्या पार्श्वभूमीवर पाहावा.

या नियमास दोन महत्त्वाच्या पुरवण्या आहेत. पहिली, तुलना दोन डब्या शेजारी ठेवून करावयाची नाही. ग्राहक एक नाव आज पाहतो आणि दुसरे महिन्याने, दुसऱ्या गावात पाहतो. मध्ये केवळ स्मृती असते. परीक्षकाने त्या स्मृतीच्या जागी उभे राहून, साधारण सावधगिरीच्या ग्राहकाच्या नजरेने तुलना करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ग्राहक कोण, तज्ज्ञ की सामान्य जन, याचाही विचार होतो. दुसरी पुरवणी १९७४ च्या एका निर्णयाने दिली : प्रत्यक्ष व्यवहार म्हणजे त्या प्रकारच्या मालाचा सर्वसाधारण व स्थायी व्यवहार; एखाद्या अर्जदाराची आजची खास विक्रीपद्धत नव्हे. आमचे औषध केवळ वैद्यांच्या दवाखान्यातूनच दिले जाते, सबब गोंधळ होणार नाही, एवढा युक्तिवाद तेथे पुरेसा ठरत नाही. आज दवाखान्यातून दिले जाणारे औषध उद्या कोणत्या फळीवर जाऊन बसेल, याची हमी कोण देणार?

जोडनावांचा प्रश्न निराळा आहे. नाव दोन-तीन भागांचे असेल तर पूर्ण नाव तपासावे की त्यातील ठळक भाग? १९६३ मध्ये ‘लिरा ताकाराझुका’ या साबणाच्या चिन्हाविषयी न्यायालयाने म्हटले की एकाच चिन्हातून दोन उच्चार निघू शकतात, आणि त्यांपैकी एक जरी दुसऱ्याच्या चिन्हाशी जुळला तरी साम्य सिद्ध होऊ शकते. पुढे २००८ मध्ये मातीच्या बाहुल्यांसंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने सावध केले की एखादा भाग खरोखरच प्रभावी असल्याशिवाय किंवा उरलेला भाग अगदी निर्गुण असल्याशिवाय चिन्हाचे तुकडे करू नयेत. १९९३ च्या निर्णयात, चष्म्यांच्या मालावर ‘आय’ म्हणजे डोळा हा शब्द एकटा कोणाची ओळख पटवू शकत नाही, असे ठरले. आपल्यासाठी यातील मर्म उघड आहे : ज्या शब्दातून मालाचा प्रकार वा गुण कळतो, त्याला ओळख पटविण्याच्या कामी फारसे वजन नाही. पोटाच्या औषधाच्या नावातील ‘पाचक’ हा भाग कोणाचाच नव्हे. भार पेलावयाचा तो उरलेल्या भागाने.

कानाची कसोटी

तिन्ही अंगांत ध्वनीचे अंग आपल्यासाठी सर्वांत बोधप्रद आहे. जपानी भाषेतील उच्चार मात्रांत मोजले जातात. प्रत्येक ध्वनिचिन्हाची एक मात्रा, दीर्घत्वाची एक, अंत्य ‘न्’ची एक. परीक्षक दोन नावांच्या मात्रा मोजतो, किती ध्वनी वेगळे आहेत ते पाहतो, आणि वेगळा ध्वनी कोठे आहे व कसा आहे ते तपासतो. आरंभीचा फरक ठळकपणे जाणवतो. मधला किंवा शेवटचा फरक विरून जातो. लहान नावात एका ध्वनीचा फरकही पुरेसा होऊ शकतो. लांब नावात तो हरवतो. वेगळ्या असलेल्या ध्वनीचा स्वर एकच असेल, तो वर्णमालेच्या एकाच ओळीतील असेल, किंवा फरक केवळ घोष-अघोष एवढाच असेल, तर साम्याकडे कल झुकतो. मार्गदर्शक तत्त्वांत उदाहरणादाखल दिलेल्या जोड्यांत ‘दाइनामाक्कुसु’ आणि ‘दाइरामाक्कुसु’, तसेच ‘बिसुकारिन’ आणि ‘बिसुकोरिन’ या आढळतात. एका ध्वनीचा फरक आहे. पण तो मध्ये दडलेला आहे.

आता आपली संस्कृतोद्भव नावे या कसोटीवर ठेवून पाहावीत. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही. महाप्राण आणि अल्पप्राण यांत भेद नाही. मूर्धन्य आणि दंत्य यांत नाही. व्यवहारात ‘व’ आणि ‘ब’ यांतही बहुधा नाही. जोडाक्षरे स्वर घालून फोडली जातात. त्रिफळा तेथे ‘तोरिफारा’ होते. बल, भल, वल, वर, भर हे आपल्या कानाला पाच निरनिराळे शब्द. जपानी लिपीत ते सारे ‘बारु’ या एकाच रूपात जाऊन बसू शकतात. समजा, एका फार्मसीने ‘वातारिन’ आणि दुसरीने ‘वाटालिन’ अशी नावे घेतली. दोन्ही नावे येथे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेली आहेत. मराठी वैद्यास त्यांतील ‘त-ट’ आणि ‘र-ल’ हा भेद स्पष्ट दिसेल. तेथे मात्र दोन्ही ‘बातारिन’ म्हणून ऐकू येतील.

निर्यातीचा विचार करणाऱ्या फार्मसीमालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जपान २००० मध्ये माद्रिद प्रोटोकॉलमध्ये सामील झाला, भारत २०१३ मध्ये. तेव्हापासून भारतातूनच आंतरराष्ट्रीय अर्जाद्वारे जपानमध्ये संरक्षण मागता येते. परंतु जपानमध्ये आधी अर्ज करणाऱ्यास प्राधान्य आहे. आपण येथे तीस वर्षे नाव वापरीत आहोत, एवढ्यानेच तेथे काम भागत नाही. मालाची विभागणीही समजून घ्यावी लागते. जपानी कार्यालय प्रत्येक मालास एक सादृश्यगट-संकेत देते, आणि एकाच संकेताचा माल सदृश गृहीत धरला जातो. औषधे ०१बी०१ या गटात, पूरक आहार ३२एफ१५ मध्ये, सौंदर्यप्रसाधने ०४सी०१ मध्ये, चहा २९ए०१ मध्ये. औषध आणि पूरक आहार हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकाच पाचव्या वर्गात असले, तरी येथे त्यांचे गट वेगळे पडतात. त्रिफळा गोळी म्हणून, पूरक आहार म्हणून, केशतेलात आणि चहात विकावयाची असेल, तर चारही घरांचे दार ठोठवावे लागेल.

आणखी एक इशारा. व्यापारचिन्हाची नोंद म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. अश्वगंधेचे मूळ जपानमध्ये केवळ औषधी वापरासाठी राखून ठेवलेल्या द्रव्यांच्या यादीत आहे. ते पूरक आहार म्हणून विकता येत नाही. नाव नोंदले गेले म्हणून डबी दुकानात जाईल, या भ्रमात कोणी राहू नये.

जे सर्वांचे, ते एकाचे नव्हे

शास्त्रोक्त कल्पांच्या नावांविषयी जपानमधील एक प्रकरण आपल्या प्रत्येक फार्मसीमालकाने जाणून घ्यावे. ‘सेइरोगान’ ही क्रिओसोटयुक्त, उग्र वासाची, पोटाच्या तक्रारींवरची गोळी तेथे घरोघरी ठाऊक आहे. एका कंपनीने हे नाव १९५४ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले. इतर उत्पादकांनी हरकत घेतली. १९७१ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की हे त्या औषधाचे सर्वसामान्य नाव आहे. त्यावर एकाची मालकी असू शकत नाही. आजही ती गोळी अनेक कंपन्यांची मिळते. मूळ कंपनीची ओळख राहिली ती डबीवरील तुतारीच्या चिन्हाने. ग्राहक ‘तुतारीवाली’ म्हणून ती ओळखतो.

कांपो औषधांनी तर हा प्रश्न मुळातच सोडवून टाकला आहे. तेथील आरोग्यविम्यात १४८ कांपो योगांचा समावेश आहे. ‘काक्कोंतो’सारखा योग अनेक कंपन्या तयार करतात, परंतु वेष्टनावर कंपनीचे नाव आणि योगाचे नाव अशी जोडी असते. योग सर्वांचा, कंपनीचे नाव ज्याचे त्याचे. वैद्यास कळते की योग तोच आहे; रुग्णास कळते की कोणाचा आहे.

आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ग्रंथोक्त आणि प्रोप्रायटरी असा भेद केलेलाच आहे. तरीही ग्रंथोक्त नावात एखादे अक्षर फिरवून, त्यास प्रोप्रायटरी रूप देऊन विकण्याचा मोह काहींना आवरत नाही. यात दुहेरी अनर्थ आहे. एकीकडे अशा नावाला व्यापारचिन्ह म्हणून बळ मिळत नाही, कारण त्याचा गाभा सर्वांचा असतो. दुसरीकडे रुग्ण आणि कधी कधी वैद्यही समजतो की हा तोच ग्रंथातील कल्प आहे. प्रत्यक्षात घटकद्रव्ये निराळी असतात. ग्रंथाची पुण्याई नावात घ्यावयाची आणि ग्रंथाचा पाठ मात्र सोडावयाचा, हे शास्त्रासही धरून नाही आणि व्यापारासही.

नोंदवही जेथे थांबते

येथवर जपानी पद्धतीची प्रशंसा झाली. परंतु तिची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कारण माझ्या मते आपल्यासाठी खरा धडा त्या मर्यादेतच आहे.

मधुमेहावरील ‘अमारील’ आणि रक्तदाबावरील ‘आल्मार्ल’ ही दोन आधुनिक औषधे जपानमध्ये दीर्घकाळ एकाच वेळी बाजारात होती. जपानी लिपीत दोन्ही नावे पाच मात्रांची. एक आ-मा-रि-दीर्घ-रु, दुसरे आ-रु-मा-दीर्घ-रु. पहिली, चौथी आणि पाचवी मात्रा एकच. रक्तदाबाच्या रुग्णास रक्तशर्करा उतरविणारे औषध जाणे म्हणजे काय, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. गोंधळाच्या घटनांनंतर अखेर २०१२ मध्ये ‘आल्मार्ल’ हे नावच मागे घेऊन ते औषध घटकद्रव्याच्या नावाने विकले जाऊ लागले.

दुसरे उदाहरण याहून दारुण आहे. ‘साकुशिझोन’ हे स्टेरॉइड आणि ‘साकुशिन’ हे स्नायू शिथिल करणारे औषध. पहिल्या तीन मात्रा एकच, शेवटची एकच. मध्ये केवळ एका ध्वनीचे अंतर. नोव्हेंबर २००८ मध्ये तोकुशिमा प्रांतातील एका रुग्णालयात स्टेरॉइड देण्याचा हेतू असताना संगणकावर नावाची आरंभीची अक्षरे घालून औषध निवडले गेले आणि दुसरेच औषध रुग्णाच्या शरीरात गेले. रुग्ण दगावला. पुढील वर्षी त्या स्नायुशिथिलकाचे नाव बदलून घटकद्रव्यावर आधारित नाव देण्यात आले.

ही नावे व्यापारात कायदेशीरपणे एकत्र नांदत होती. व्यापारचिन्हाचा परीक्षक विचारतो : ग्राहक या मालाचा उत्पादक कोण, याविषयी फसेल काय? रुग्णशय्येजवळचा प्रश्न निराळा आहे : थकलेला, घाईत असलेला माणूस एकाच्या जागी दुसरे उचलील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असले, तरी दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असू शकते. म्हणूनच जपानमध्ये औषधांची सारखी नावे शोधणारी स्वतंत्र संगणकीय प्रणाली तेथील औषध माहिती केंद्राने उपलब्ध करून दिली आहे. नोंदवहीतील संमती ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे त्यांनी मोठी किंमत देऊन जाणले.

या संदर्भात एप्रिल २०२४ पासून जपानने स्वीकारलेली संमतिपत्राची पद्धतही पाहण्यासारखी आहे. आधीच्या चिन्हाच्या मालकाने लेखी संमती दिली, तर सदृश चिन्हाचीही नोंद आता होऊ शकते. परंतु केवळ संमती पुरेशी नाही. ग्राहकाचा गोंधळ होणार नाही, अशी परीक्षकाची स्वतंत्र खात्री पटावी लागते. दोन व्यापारी आपसांत समजुतीस आले म्हणून तिसऱ्याचा, म्हणजे ग्राहकाचा, हक्क संपत नाही, हे तत्त्व त्यात आहे.

आपल्याकडील न्यायनिर्णय

आपली न्यायालये या बाबतीत मागे नाहीत. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९६२ मध्ये निकाली निघाला. अमृताची धारा वेगळी आणि लक्ष्मणाची धारा वेगळी, सबब अर्थ भिन्न, असे उच्च न्यायालयाने मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. सामान्य खरेदीदार शब्दाची व्युत्पत्ती सोडवीत बसत नाही. अपुऱ्या स्मृतीने तो एकूण ध्वनी आणि एकूण घडण लक्षात ठेवतो, आणि त्या दृष्टीने ही नावे फसगत करण्याइतकी जवळची आहेत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ‘लक्ष्मणधारा’ अनेक वर्षे विनाहरकत चालू असल्यामुळे तिची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मर्यादित करून मान्य झाली. उलटपक्षी १९६९ मध्ये ‘प्रोटोविट’ आणि ‘ड्रोपोविट’ ही जीवनसत्त्वांची नावे गोंधळ करण्याइतकी सदृश नाहीत, असे ठरले. ‘विट’ हा भाग सामाईक म्हणून बाजूस ठेवला गेला.

पुढे २००१ मध्ये ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या हिवतापावरील औषधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने औषधांसाठी अधिक कठोर कसोटी सांगितली. इतर मालात गोंधळ झाला तर पैशाचे नुकसान होते. औषधात प्राण जाऊ शकतो. डॉक्टर आणि औषधविक्रेते जाणकार असले तरी ते प्रमादातीत नसतात. बहुभाषक आणि अंशतः निरक्षर समाजाचे भानही न्यायालयाने ठेवले. वैद्यबंधूंनी हा निर्णय मुळातून वाचावा.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप येईल की आयुर्वेदीय औषधे सौम्य आहेत. एकाच्या जागी दुसरे गेले तरी प्राणावर बेतत नाही. हे विधान वैद्याच्या तोंडी शोभत नाही. जयपाळाचा कल्प आणि हरीतकीचा कल्प दोन्ही विरेचकच. परंतु गर्भिणीस किंवा दुर्बलास पहिला गेला तर काय होईल? वत्सनाभयुक्त, भल्लातकयुक्त, रसौषधीयुक्त कल्प आपण देतो. आपले औषध वीर्यवान आहे असे एकदा म्हटले, की चुकीच्या जागी ते अपाय करील हेही मान्य करावे लागते. दोन्ही दावे एकाच वेळी करता येत नाहीत.

दुसरा आक्षेप लहान फार्मसींचा. नाव शोधण्यासाठी वकील, नोंदणी, शुल्क हे आम्हांस कोठून परवडणार? आक्षेप खरा आहे. परंतु मोठा खर्च पुढे येतो, तो नोटीस आल्यावर. छापलेली वेष्टने रद्द करणे, माल परत आणणे आणि बाजारात पुन्हा नव्या नावाने उभे राहणे यापेक्षा आरंभीची तपासणी स्वस्तच पडते. शिवाय भारतीय व्यापारचिन्ह कार्यालयाच्या सार्वजनिक शोधसेवेत ध्वनिसाम्यावरून नाव शोधण्याची सोय विनामूल्य आहे.

काय करावे?

माझ्या सूचना थोडक्यात अशा.

फार्मसीमालकांनी प्रत्येक नव्या नावाची लेबल छापण्यापूर्वी तिहेरी परीक्षा घ्यावी. नाव दूरध्वनीवरून तीन अपरिचित माणसांना सांगावे आणि त्यांनी काय लिहून घेतले ते पाहावे, ही ध्वनीची परीक्षा. घाईच्या अक्षरात लिहिलेले नाव औषधविक्रेत्यास वाचावयास द्यावे, ही रूपाची परीक्षा. नावावरून औषध कशाचे वाटते, हे सामान्य माणसास विचारावे, ही अर्थाची परीक्षा. तिन्हींत जे उत्तीर्ण होईल तेच नाव ठेवावे. जपानला माल पाठवावयाचा असेल तर नाव आधी जपानी लिपीत लिहवून घ्यावे, आणि मगच अर्जाचा विचार करावा.

ग्रंथोक्त कल्पांवर कल्पाचे नाव मोठ्या, स्पष्ट अक्षरांत आणि त्याबरोबर फार्मसीचे नाव व चिन्ह असावे. ओळख चिन्हाने पटावी, कल्पाचे नाव विकृत करून नव्हे. प्रोप्रायटरी कल्पांसाठी रोगनामाचा मोह सोडून स्वतंत्र नावे घडवावीत. संस्कृतासारखी शब्दसंपत्ती हाताशी असताना आपल्याला ‘इन’ आणि ‘प्लस’ यांचे दारिद्र्य का असावे? तसेच एकाच नावाला ‘फोर्ट’, ‘प्लस’ अशी शेपटे जोडून भिन्न द्रव्यांचे कल्प विकणे टाळावे. स्वतःच्याच दोन औषधांत गोंधळ घालण्याचा तो राजमार्ग आहे.

वैद्यांनी चिठ्ठीवर प्रोप्रायटरी नाव लिहिताना फार्मसीचे नाव आणि औषध कशासाठी आहे तो एक शब्द अवश्य लिहावा. ‘संधिवातासाठी’ एवढा एक शब्द चुकीची डबी परत फिरविण्यास पुरेसा असतो.

संघटनेने एक छोटी नामपरीक्षण समिती नेमावी, अशी माझी विनंती आहे. तिच्याकडे कायद्याची सत्ता नसेल. सभासद फार्मसीने नवे नाव पाठवावे आणि समितीने आठ-पंधरा दिवसांत सदृश नावे कळवावीत, एवढेच तिचे काम. त्याचबरोबर दुकानात वा दवाखान्यात नावाच्या साम्यामुळे औषधाची अदलाबदल झाल्यास, फार्मसी, वैद्य वा रुग्ण कोणाचेही नाव न छापता, ती घटना या त्रैमासिकात नोंदविली जावी. दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी ही नोंद नसेल. कोणती नावे धोक्याची आहेत, हे सर्वांना वेळेवर कळावे यासाठी असेल.

जपानी परीक्षकाच्या तीन कसोट्या उत्तम आहेत. परंतु त्या व्यापाऱ्याच्या हक्काचे रक्षण करण्यासाठी घडल्या. रुग्णाचे रक्षण करणारी चौथी कसोटी जपानमध्ये दुर्घटनांनंतर आली. ती आपल्याकडे दुर्घटनेआधी यावी, आणि ती शासनाच्या आदेशाने नव्हे, तर वैद्य आणि औषधनिर्माते यांच्या विवेकाने यावी. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यात यावा, अशी संघटनेच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.